नॅफिऑनला भोक पडलं, पण पडलं कुठे?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या लॅबमध्ये फ्युएल सेलचा, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज बनवणारा, २५ चौरस सेंटिमीटरचा सिंगल सेल आहे. त्यात नॅफिऑन २१२ मेम्ब्रेन (दोन गॅस वेगळे ठेवून फक्त प्रोटॉन जाऊ देणारा पातळ पॉलिमरचा पडदा), तापमान ८० अंश, दोन्ही गॅस ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरमधून येतात. रोज सकाळी चालू, संध्याकाळी बंद. मिळून जेमतेम ७०० तास झाले तेवढ्यात ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे लोड नसतानाचं व्होल्टेज, ०.९६ वरून ०.८४ वर आलं आणि उघडून पाहिलं तर मेम्ब्रेनला भोक. आता पुढच्या वेळी जाड नॅफिऑन ११७ घ्यावं, की आहे त्याच मेम्ब्रेनमध्ये सिरियम घालावं, की महागडं रीइन्फोर्स्ड मेम्ब्रेन मागवावं, असं तुम्ही विचारलंय.

गेली अठरा वर्षं मी फ्युएल सेलच्या टेस्ट स्टँडवरच काम करतोय, आणि हा प्रश्न समोर आला की मी आधी एकच विचारतो: भोक नेमकं कुठे पडलं? तुमच्या प्रश्नात हीच गोष्ट राहून गेलीय. तिन्ही पर्याय आपापल्या जागी बरोबर आहेत, पण तुमचं मेम्ब्रेन कशाने गेलं ते कळल्याशिवाय कुठलाही निवडला तरी तो अंदाजच ठरेल. आणि तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला तर वाटतं की मेम्ब्रेनपेक्षा ते ज्या पद्धतीने रोज चालू-बंद झालं तिथेच घोटाळा आहे.

मेम्ब्रेन दोन तऱ्हांनी मरतं. एक रासायनिक. हायड्रोजन थोडा थोडा मेम्ब्रेनमधून हवेच्या बाजूला झिरपतो, ऑक्सिजन उलट्या दिशेने येतो. दोघांची गाठ इलेक्ट्रोडमधल्या प्लॅटिनमच्या कॅटॅलिस्टवर पडते आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. तेवढ्याने फारसं बिघडत नाही, पण जोडीला लोहाचे आयन असले की त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे समोर येईल त्याच्यावर तुटून पडणारे रेणूंचे तुकडे, निघतात. हे रॅडिकल पॉलिमरच्या साखळीची टोकं पकडतात आणि स्वेटरचा धागा उसवावा तशी साखळी टोकाकडून उसवत जाते. मेम्ब्रेन आतून पातळ होतं आणि त्यातलं फ्लोरीन हायड्रोफ्लोरिक आम्ल होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर जातं. दुसरी तऱ्हा यांत्रिक. नॅफिऑन पाणी प्यायलं की फुगतं, सुकलं की आक्रसतं. सेलमध्ये ते चारी बाजूंनी आवळलेलं असल्यामुळे आक्रसायला जागाच नसते, म्हणून ते ताणलं जातं. हे पुन्हा पुन्हा झालं की भेगा पडतात. प्रत्यक्षात दोन्ही हातात हात घालून चालतात, कारण रसायनाने पातळ केलेला भाग ताण सोसू शकत नाही.

आता तुमचा हिशेब करून बघू. रोज साधारण सात तास धरले तर ७०० तास म्हणजे शंभर दिवस, म्हणजे सुकण्या-भिजण्याच्या मोठ्या फेऱ्या शंभरच्या आसपास. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने मेम्ब्रेनच्या यांत्रिक टिकाऊपणासाठी जी चाचणी ठरवली आहे तिच्यात ८० अंशांवर दोन मिनिटं कोरडा गॅस, दोन मिनिटं ओला, अशा २०,००० फेऱ्यांचं लक्ष्य आहे. नुसत्या फेऱ्यांनाच ५५ दिवस लागतात. साधं २१२ तिथवर पोहोचेलच असं नाही, पण ते शंभर फेऱ्यांत थकून फाटत नाही. म्हणून केवळ फुगण्या-आक्रसण्याला मी दोष देणार नाही. एक तर रसायनाने ते आधीच कमजोर केलं होतं, नाहीतर जोडणीतच कुठेतरी ते दुखावलं होतं.

याचा निकाल तुमची जुनी एमईए, म्हणजे मेम्ब्रेन आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रोड मिळून झालेला जोड, देईल. ती एका चौकटीत गॅस्केटने पकडा, खालून नायट्रोजनचा अगदी हलका दाब द्या आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर सोडा. गळती जिथे असेल तिथे बारीक बुडबुड्यांची माळ उठते. हायड्रोजन या कामाला चुकूनही वापरू नका. बुडबुडे हवेच्या किंवा हायड्रोजनच्या इनलेटजवळ आले तर संशय कोरडेपणावर आणि रसायनावर. कॅटॅलिस्टच्या कडेला, चौकटीला समांतर आले तर जोडणी आणि गॅस्केट. मधेच कुठेतरी सुईच्या टोकाएवढी एकच जागा सापडली तर कार्बन पेपरचा (इलेक्ट्रोडवर गॅस पसरवणाऱ्या कार्बन तंतूंच्या कागदाचा) एखादा धागा मेम्ब्रेनमध्ये घुसला असण्याची शक्यता मोठी. तुमच्या विद्यापीठात एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) असेल तर भोकापासून सेंटिमीटरभर लांबचा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून मोडा आणि त्याची जाडी बघा. २१२ ची मूळ जाडी ५० मायक्रॉन. तिथे ४८ दिसली तर रसायन निर्दोष आहे. ३० दिसली तर बाकीचं सगळं सोडून पुढचे दोन परिच्छेद नीट वाचा.

बहुतेक जण मेम्ब्रेनचे तास मोजतात ते लोड चालू असल्याचे. पण मेम्ब्रेनवर सर्वांत वाईट वेळ येते ती लोड बंद असताना आणि गॅस चालू असताना. करंट वाहत असला की हायड्रोजन तिथेच वापरला जातो, मेम्ब्रेनपर्यंत पोहोचणारा कमी होतो. पाणी तयार होत असतं, त्यामुळे ओलावाही राहतो. लोड काढला की हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही पूर्ण जोराने मेम्ब्रेनच्या दोन अंगांना उभे राहतात, व्होल्टेज चढतं, तयार होणारं पाणी थांबतं. रासायनिक टिकाऊपणाची जी प्रचलित वेगवान चाचणी आहे, ती हेच करते: ९० अंश, ३० टक्के आर्द्रता आणि लोड शून्य. चांगल्या मेम्ब्रेनने तिथे ५०० तास काढावेत अशी अपेक्षा असते. आता तुमची रोजची दिनचर्या आठवा. सकाळी सेल गरम होईपर्यंत गॅस चालू, दुपारी जेवायला जाताना लोड बंद पण गॅस तसाच, संध्याकाळी ‘जरा थंड होऊ दे’ म्हणून अर्धा तास. दिवसाला दीड तास धरा, शंभर दिवसांचे दीडशे तास झाले. तुमची परिस्थिती त्या चाचणीइतकी कडक नव्हती, तरी तुम्ही नकळत त्या चाचणीचा एक मोठा तुकडा मेम्ब्रेनला सोसायला लावलाय.

दुसरी गोष्ट लोह. हा अनुभव मी कधी विसरणार नाही. काही वर्षांपूर्वी एका टेस्ट सेंटरमध्ये पाच सेल एकावर एक रचलेला छोटा स्टॅक होता. तो लागोपाठ तीनदा गेला, आणि तिन्ही वेळा हवेच्या इनलेटच्या कोपऱ्यात. मेम्ब्रेनची बॅच बदलली, पुरवठादार बदलला, तापमान उतरवलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी एका संध्याकाळी ह्युमिडिफायरची बाटली धुवायला काढली. झाकणाच्या स्टीलच्या फिटिंगला, पाणी जिथे टेकतं बरोबर त्या रेषेवर, चहाच्या कपाला राहतो तसा तपकिरी कडा होता. नखाने खरवडला तर बोटाला गंज आला. त्या कोपऱ्यातलं मेम्ब्रेनही धुऊन उजेडात धरलं तर पिवळसर दिसत होतं. डीआय पाणी, म्हणजे आयन काढून टाकलेलं पाणी, शुद्ध होतं हो, पण ते भुकेलं असतं. गरम डीआय पाणी साध्या स्टीलमधून लोह काढून घेतं आणि वाफेच्या थेंबांबरोबर ते सरळ मेम्ब्रेनमध्ये जाऊन बसतं. नॅफिऑनमधले प्रोटॉन वाहून नेणारे सल्फोनिक गट असे धन आयन घट्ट धरून ठेवतात, म्हणून एकदा आलेलं लोह परत जात नाही, साचत जातं. आम्ही बाटलीची सगळी फिटिंग आणि सेलपर्यंतच्या नळ्या टेफ्लॉनच्या केल्या. तेच मेम्ब्रेन, तोच स्टॅक, पण त्यानंतर तो कोपरा कधी फुटला नाही.

म्हणून तुमची हवा कुठून येते ते बघा. आपल्या बहुतेक कॉलेजांत कॉम्प्रेसर इमारतीच्या मागे असतो आणि हवा जुन्या जीआय पाइपातून लॅबमध्ये येते. पावसाळ्यात त्या पाइपात पाणी साठतं. त्यातून गंजाची भुकटी येते, कॉम्प्रेसरचं तेल येतं. तेल आणि धूळ अडवणारे फिल्टर बसवा, त्यांचे काडतूस वेळेवर बदला, आणि जमेल तोवर मोजमापाच्या चाचण्या सिलिंडरच्या हवेवर घ्या. ह्युमिडिफायरमध्ये नळाचं पाणी एकदाही घालू नका. त्यातलं कॅल्शियम आणि सोडियम रॅडिकल तयार करत नाहीत, पण सल्फोनिक जागा अडवून प्रोटॉनची वाट बंद करतात.

आता बंद करायची पद्धत. सिंगल सेलसाठी मी असं करतो: लोड हळूहळू कमी करून अगदी थोडा ठेवायचा, मग हायड्रोजन चालू ठेवूनच हवा बंद करायची. उरलेला ऑक्सिजन तो लहानसा करंट खाऊन टाकतो आणि व्होल्टेज खाली येतं. ०.१ व्होल्टच्या आसपास आलं की लोड काढायचा, हायड्रोजन बंद, दोन्ही बाजूंना ओला नायट्रोजन थोडा वेळ, आणि मग तोंडं बंद. कोरडा नायट्रोजन तासभर सोडून ठेवणं ही सुरक्षिततेची पद्धत वाटते, पण मेम्ब्रेनला ती पापडासारखी वाळवते. हे सगळं सिंगल सेलपुरतं. बऱ्याच सेलचा स्टॅक असेल तर एखाद्या सेलचं व्होल्टेज उलटं होण्याचा धोका असतो, तिथे प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर नजर ठेवल्याशिवाय हे करू नका. सुरू करताना सेलचं तापमान ह्युमिडिफायरच्या थोडं पुढे ठेवा आणि मधली नळी त्याहून पाचेक अंश गरम, म्हणजे वाटेत थेंब जमत नाहीत. जेवायला जाताना लोड काढण्याऐवजी थोडा करंट चालू ठेवणं मेम्ब्रेनला बरं, पण सेल एकटा सोडून जाऊ नका. कुणाला तरी बसवा.

आणि वीज गेली तर? हीटर आणि लोड जागच्या जागी बंद पडतात, सिलिंडरचे गॅस मात्र वाहतच राहतात. हायड्रोजनच्या लाइनवर वीज गेली की आपोआप बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवाच. तो तुमच्या जिवासाठीही लागतो, मेम्ब्रेनसाठीही.

भोक कडेला सापडलं असेल तर वरचं सगळं दुय्यम ठरतं. कॅटॅलिस्टचा चौकोन संपतो आणि गॅस्केट सुरू होतं त्यामध्ये अर्धा-एक मिलिमीटरची उघडी पट्टी राहते. तिथे मेम्ब्रेनला कुणाचाच आधार नसतो. ते तिथे फुगून वळकटी होतं, सुकलं की ताणलं जातं आणि बहुतेक वेळा तिथूनच चिरतं. त्यावर उपाय म्हणजे सबगॅस्केट: पॉलिएस्टर किंवा कॅप्टॉन या प्लॅस्टिकची पातळ चौकट, जी कॅटॅलिस्टच्या कडेवर एक-दोन मिलिमीटर चढते. व्यावसायिक एमईएमध्ये ही असतेच; लॅबमध्ये हाताने बनवलेल्या एमईएत हीच पहिली राहून जाते. दाबाचंही तसंच. ०.२५ मिलिमीटरचा कार्बन पेपर आवळल्यावर ०.१९ ते ०.२० उरेल असं गॅस्केट निवडा. त्याहून जास्त आवळलं तर पेपरचे धागे मोडतात आणि त्यांची टोकं मेम्ब्रेनमध्ये घुसतात. पेपरची काळी गुळगुळीत, मायक्रोपोरस (अतिबारीक छिद्रांच्या) थराची बाजू मेम्ब्रेनकडे हवी. हे सांगावं लागतं, कारण चांगल्या चांगल्या मुलांना मी ती उलटी लावताना पाहिलंय. बोल्ट टॉर्क रेंचने, समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा.

आता तुमचे तीन पर्याय. जाड मेम्ब्रेन मी सुचवणार नाही. ११७ ची जाडी सुमारे १८० मायक्रॉन. चांगल्या ओलाव्यात नॅफिऑनची वाहकता दर सेंटिमीटरला ०.१ सिमेन्स धरली, तर दर चौरस सेंटिमीटरला १ अँपिअर करंटवर ११७ मध्येच सुमारे ०.१८ व्होल्ट वाया जातात. २१२ मध्ये ०.०५. जाड मेम्ब्रेनमधून गॅस कमी झिरपतो, म्हणून ते जास्त दिवस चालेल हे खरं आहे. पण हवेच्या बाजूला तयार झालेलं पाणी जाड मेम्ब्रेनमधून मागे हायड्रोजनच्या बाजूला लवकर येत नाही, ती बाजू सुकते. गाड्यांमध्ये आज साधारण १० ते १५ मायक्रॉनची मेम्ब्रेन वापरली जातात, आणि तरीही ती टिकतात, ती जाडीवर टिकत नाहीत. याला इतिहासही आहे. १९६५ मध्ये जेमिनी यानांत जे पहिले असे सेल गेले, त्यांत पॉलिस्टायरिन सल्फोनिक आम्लाचं मेम्ब्रेन होतं. त्या साखळीतले कार्बन-हायड्रोजन बंध रॅडिकलपुढे टिकत नसत. दोन आठवड्यांच्या मोहिमेला ते पुरलं, वर्षांना पुरलं नसतं. पुढे ड्यूपाँटमध्ये वॉल्थर ग्रोट यांनी फ्लोरीनने वेढलेल्या साखळीचं नॅफिऑन बनवलं आणि आयुष्य कुठल्या कुठे गेलं. मेम्ब्रेनचं आयुष्य वाढलं ते असं साखळीच्या बंधांमुळे.

सिरियम चांगलं आहे, आणि तुमच्या लॅबमध्ये स्वतः करून बघण्यासारखं आहे. तीन धन भाराचा सिरियम आयन हायड्रॉक्सिल रॅडिकलला एक इलेक्ट्रॉन देतो, त्याचं पाणी होतं आणि स्वतः चार भाराचा होतो. मग पेरॉक्साइडकडून तो इलेक्ट्रॉन परत मिळवून पहिल्यासारखा होतो. म्हणजे तो संपत नाही, पुन्हा पुन्हा कामाला येतो. म्हणूनच थोडासाच पुरतो, आणि नेमकं इथेच मुलं चुकतात. ७ बाय ७ सेंटिमीटरच्या २१२ च्या तुकड्याचं वजन साधारण अर्धा ग्रॅम. त्यातल्या सल्फोनिक जागांपैकी ३ टक्के भरायच्या तर सिरियम नायट्रेट हेक्झाहायड्रेट लागतं ते फक्त २ मिलिग्रॅम. एवढं तोलता येत नाही, म्हणून १ लिटर डीआय पाण्यात २०० मिलिग्रॅम विरघळवा, त्यातलं १० मिलिलिटर घ्या, पाण्याने पातळ करा आणि तुकडा त्यात हलवत एक दिवस ठेवा. मेम्ब्रेन जवळपास सगळं शोषून घेतं. ‘थोडं जास्त घातलं तर जास्त टिकेल’ असं करू नका. एक सिरियम आयन तीन जागा अडवतो आणि वाहकता घसरते. मर्यादाही सांगतो: सेल चालू असताना सिरियम जागेवर बसून राहत नाही. करंटबरोबर ते हवेच्या बाजूकडे सरकतं, ओल्या-कोरड्या भागांत इकडेतिकडे जातं, काही पाण्याबरोबर धुऊन जातं. त्यामुळे लोहाचा झरा चालू ठेवून सिरियम घालणं म्हणजे गळक्या हौदात पाणी भरणं.

रीइन्फोर्स्ड मेम्ब्रेन, म्हणजे ज्याच्या पोटात ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनचा पातळ थर असतो, हे माझ्या मते आजचं सर्वांत शहाणं उत्तर आहे. तो थर मेम्ब्रेनला आडवं फुगू देत नाही. ते जाडीत फुगतं, आणि त्यामुळे ताण बराच कमी होतो. नॅफिऑन एक्सएल हे २७.५ मायक्रॉनचं असंच मेम्ब्रेन आहे, आणि त्यात रॅडिकलविरुद्धचं औषधही आधीच घातलेलं असतं. तुमच्या बजेटमध्ये बसलं तर घ्या. फक्त लोह आणि लोडशिवाय गॅस चालू राहण्याचे रिकामे तास आधी आवरा, नाहीतर तेही अकाली जाईल आणि खर्च दुप्पट होईल.

इथे मी जे सांगितलं ते ओलावा दिलेल्या, ८० अंशांच्या, लॅबमधल्या सेलला लागू आहे. पंख्याने हवा देणारा उघडा स्टॅक असेल तर कोरडेपणा हाच पहिला शत्रू. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवली गेली तशी बस असेल तर रोजची चढ-उतार आणि वारंवार सुरू-बंद होणं यांचा हिशेब वेगळा. लांबच्या ट्रकसाठी तर २५,००० तासांचं लक्ष्य धरलं जातं. तिथे मी आज सांगितलेली एकही सवलत चालत नाही.

नव्या सेलमध्ये मात्र दोन मोजमापं पहिल्या दिवसापासून ठेवा. दर पन्नास तासांनी एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला नायट्रोजन सोडून ०.५ व्होल्टपर्यंत हळू स्वीप घ्या, म्हणजे बाहेरून व्होल्टेज हळूहळू चढवत करंट मोजा. नव्या २१२ ला ०.४ व्होल्टपाशी दर चौरस सेंटिमीटरला एक-दोन मिलिअँपिअर, म्हणजे तुमच्या सेलला पंचवीस ते पन्नास मिलिअँपिअर दिसतील. रेषा सपाट राहून वर सरकली तर झिरपणं वाढलंय. रेषा तिरकी झाली तर कार्बनचा धागा आरपार टेकलाय. दुसरं, बाहेर येणारं पाणी आठवड्याला एकदा प्लॅस्टिकच्या बाटलीत जमवा, काचेच्या नाही, कारण फ्लोराइड काचेला लागतं. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये फ्लोराइड इलेक्ट्रोड असेलच. व्होल्टेज पडायच्या कितीतरी आधी त्या पाण्यातलं फ्लोराइड चढायला लागतं.

पण आधी ती जुनी एमईए. ती अजून डब्यात असेल तर धुऊ नका, दाबू नका. सेलच्या प्लेटवर ठेवून हवेचं इनलेट कुठल्या कोपऱ्याला होतं आणि हायड्रोजनचं कुठल्या, याची पेनाने गॅस्केटवर खूण करा, मग फोटो काढा, आणि त्यानंतरच बुडबुड्यांची चाचणी करा. भोक कुठल्या खुणेजवळ निघालं ते मला कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.